कोलाहलास तटबंदी

पनवेल गावास रस्त्याने जन्म दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु रस्त्याने त्यास मोठे केले यात संशय नाही. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी पूर्वी गलबतातून पनवेलच्या खाडीत उतरे आणि येथून खुष्कीच्या मार्गाने घाटाकडे वळे. सन १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून तर या वाटेवरची रहदारी कधी थांबलीच नाही. बैलगाडीची चाके घडविण्याबद्दल पनवेल एके काळी दख्खनभर प्रसिद्ध होते. चाकाने या गावास भाकरी दिली, हे ऋण विसरून रस्त्याविरुद्ध ओरड करणे आम्हांस शोभणार नाही.

तथापि ऋण मान्य करणे वेगळे आणि ऋणकोने आपले कानही गहाण टाकणे वेगळे. सन १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि लोखंडी पेट्या लादलेल्या अजस्र मालमोटारी आमच्या तालुक्यातून अहोरात्र धावू लागल्या. सन २००२ मध्ये कळंबोलीहून निघणारा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. गोव्याकडे जाणारा महामार्ग येथूनच फुटतो. सन २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, सन २०२४ च्या जानेवारीत समुद्रावरील अटल सेतू खुला झाला आणि सन २०२५ च्या अखेरीस आमच्या तालुक्यातील नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली. हा सारा उत्कर्ष आम्ही डोळ्यांनी पाहतो. कानांना मात्र त्याचा कर रोज भरावा लागतो.

आम्ही पडलो शिक्षक. आमचा सारा व्यापार शब्दांचा. आणि शब्द ऐकू आला नाही तर आमच्या दुकानात विकावयास दुसरा माल नाही. आमच्या शाळेच्या वर्गांची एक रांग हमरस्त्याकडे तोंड करून आहे व दुसरी मागील अंगणाकडे. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांस एकच उतारा आम्ही शुद्धलेखनासाठी सांगतो. मागील वर्गाच्या वह्यांत जेथे ‘फळ’ लिहिलेले असते, तेथे रस्त्याकडील वर्गाच्या कित्येक वह्यांत ‘पळ’ आढळते; ‘काठ’ असावे तेथे ‘काट’, ‘थाट’ असावा तेथे ‘ताट’. ही मुले आळशी नव्हेत व मंदबुद्धीचीही नव्हेत. ज्या अक्षरांस आपल्या व्याकरणकारांनी महाप्राण म्हटले, त्यांचा प्राण म्हणजे उच्चाराबरोबर सुटणारा एक हलकासा श्वास. मालमोटारीच्या घरघराटात प्रथम बुडतो तो हा श्वासच. अक्षराचा सांगाडा कानापर्यंत पोहोचतो, प्राण वाटेत जातो.

आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागून येतो. ‘उत्तरे पेन्सिलीने लिहू नयेत’ असे आम्ही सांगावे, आणि नेमके ‘नयेत’ म्हणताना खिडकीखालून कर्णा वाजावा. मग निम्मा वर्ग निमूटपणे पेन्सिली काढतो! यावर मुले हसतात, आम्हीही हसतो. परंतु जे मूल मुळातच लाजाळू आहे, ज्याच्या घरी पुन्हा समजावून सांगणारे कोणी नाही, ते ‘गुरुजी, ऐकू आले नाही’ असे दिवसातून किती वेळा म्हणेल? दोनदा म्हणेल, तिसऱ्यांदा गप्प बसेल. आणि ते गप्प बसणे पुढे त्याच्या प्रगतिपुस्तकात उतरेल.

हा केवळ आमच्या मनाचा ग्रह नव्हे. न्यूयॉर्क शहरात उन्नत लोहमार्गालगत एक शाळा होती. सन १९७५ मध्ये आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ विदुषीने आपल्या सहकाऱ्यासह तेथील मुलांच्या वाचनाची परीक्षा प्रसिद्ध केली. लोहमार्गाकडील वर्गांतील सहावीची मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ एक वर्षाने मागे होती. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसविल्या, वर्गांच्या छतास ध्वनी शोषणारे आच्छादन लावले. आणि सन १९८१ च्या दुसऱ्या अभ्यासात हा फरक उरला नाही असे दिसून आले. मुले तशीच, शिक्षक तसेच. बदलला तो केवळ गोंगाट. शिक्षकाच्या जिवास याहून मोठा दिलासा कोणता, आणि याहून मोठी टोचणी तरी कोणती?

आता उपायाकडे वळू. परदेशांत सन १९६० नंतरच्या दशकापासून महामार्गांच्या कडेला ध्वनिरोधक भिंती उभारण्याचा प्रघात पडला. मुंबईत काही उड्डाणपुलांवर असे पडदे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. परंतु ‘भिंत बांधा म्हणजे आवाज बंद’ ही समजूत खरी नव्हे. ध्वनी म्हणजे काही दगड नव्हे, की भिंतीवर आपटून खाली पडावा. तो पाण्याच्या लाटेसारखा कडेवरून वळतो. प्रकाशाची लहर अतिसूक्ष्म, म्हणून भिंतीची सावली स्वच्छ पडते. ध्वनीची लहर लांब असते. शिटीसारख्या उंच स्वराची लहर सुमारे ३४ सेंटीमीटर, तर इंजिनाच्या खर्जातील घरघरीची तीन मीटरांहून अधिक. म्हणून टायरांची सळसळ भिंत बऱ्यापैकी अडविते, खर्ज मात्र डोक्यावरून वाकून थोडाबहुत आत येतोच. ध्वनीची सावली पडते, परंतु ती फिकट पडते.

ही सावली किती गडद पडेल हे कसे ठरवावे? सन १९६८ मध्ये जपानातील माएकावा नावाच्या शास्त्रज्ञांनी याविषयी जो मार्ग दाखविला, तो समजण्यास एक दोरी पुरे. आम्ही नववीच्या मुलामुलींस अंगणात नेऊन हा प्रयोग केला. एक काठी मालमोटारीच्या जागी रोवली, दुसरी वर्गातील मुलाच्या जागी, आणि मध्ये भिंतीच्या ऐवजी उंच बांबू उभा केला. एक दोरी सरळ ताणली व दुसरी बांबूच्या टोकावरून. दुसरी दोरी पहिलीपेक्षा जितकी अधिक लांब, तितका ध्वनीस वळसा अधिक आणि तितकी शांतता अधिक. मोटार व मूल ही दोन्ही जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर धरली, रस्ता भिंतीपासून ५ मीटर व वर्ग २० मीटर धरला, तर ३ मीटर उंच भिंतीवरून जाणाऱ्या दोरीस सुमारे ४० सेंटीमीटर अधिक लागतात. तीच भिंत दोहोंच्या बरोबर मध्यावर सरकविली तर ही लांबी २५ सेंटीमीटरांच्या आसपास येते. अर्थात भिंत रस्त्याला खेटून असावी किंवा ऐकणाऱ्याला खेटून. अधांतरी मध्यावर बांधणे म्हणजे पैसा व्यर्थ घालविणे होय.

ध्वनी मोजण्याचे माप डेसिबल. हे माप मोठे फसवे आहे. रस्त्यावरील वाहने निम्मी केली तरी ते अवघे ३ डेसिबलांनी उतरते. १० डेसिबल उतरले तर कानास आवाज सुमारे निम्मा वाटतो; परंतु त्यासाठी दहांपैकी नऊ वाहने रस्त्यावरून नाहीशी करावी लागतील. मालमोटार डोळ्यांआड होईल इतकी भिंत उभारली की ५ डेसिबलांच्या आसपास उतार पडतो आणि नीट बांधलेल्या उंच भिंतीने १० पर्यंत मजल जाते. म्हणजे एकाही मालमोटारीचा धंदा न बुडविता, नऊ मालमोटारी घालविल्याचे पुण्य भिंत आपल्या पदरी टाकते. रस्त्याचे ऋण मानणाऱ्या गावास याहून सोयीचा तह कोणता मिळावा?

परंतु तह पाळावयाचा तर भिंत बेताची बांधून चालत नाही. तिचे वजन फार लागते असेही नाही. चौरस मीटरास दहा किलो भरेल असा घट्ट पडदाही पुरतो, मग साध्या विटांची नऊ इंची भिंत तर त्याच्या कितीतरी पट जड. खरा शत्रू फट होय. भिंतीचा दहावा भाग उघडा राहिला तर तिच्यातून दशांश ध्वनी आरपार जातो, आणि मग बाकीची भिंत कितीही उत्तम असली तरी १० डेसिबलांपलीकडे तिचा उपाय चालत नाही. शाळेस फाटक तर हवेच. यासाठी दोन भिंती एकीपुढे एक सरकवून, मध्ये वाट ठेवावी लागते, आणि त्या एकमेकींवर वाटेच्या रुंदीच्या तीन-चार पट तरी चढलेल्या असाव्या लागतात. जुन्या किल्ल्यांचे दरवाजे असेच आडवळणी असत हे मुलांच्या चटकन ध्यानात आले. लांबीचेही तसेच. वर्ग भिंतीपासून २० मीटरांवर असेल तर भिंत वर्गाच्या दोन्ही टोकांपलीकडे सुमारे ८० मीटर न्यावी, नाहीतर आवाज कडेने वळसा घालून येतो. याचा अर्थ असा की शाळेने केवळ आपल्या हद्दीपुरती भिंत बांधून भागत नाही. ती शेजाऱ्यांच्या दारावरूनही जावी लागते, आणि म्हणून ते एकट्या शाळेचे काम राहत नाही.

त्यातून हे कोकण आहे. सन २००५ च्या २६ जुलैचा पाऊस ज्यांनी पाहिला, ते पाण्याची वाट अडविणारी भिंत पनवेलात बांधू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पाण्यास तळाशी मोऱ्या हव्यात. पण मोरी म्हणजे पुन्हा फट. तेव्हा मोऱ्या वळणाच्या ठेवाव्यात, पाणी जाईल व ध्वनी अडेल अशा. पावसाळी वाऱ्याचा रेटा सोसेल असा पाया हवा. वळणावर वाहनचालकाची दृष्टी अडता कामा नये. आणि ‘भिंत कशास, झाडे लावा’ असे म्हणणाऱ्या सज्जनांस आमची नम्र विनंती अशी की झाडे अवश्य लावावीत. परंतु एका ओळीतील झाडे मोटार लपवितात, आवाज लपवीत नाहीत. पाचेक डेसिबल उतरविण्यास सुमारे ३० मीटर रुंदीची दाट राई लागते. तेवढी जागा रस्त्याकडेला कोणी शिल्लक ठेविली आहे?

थंड देशांत खिडक्या मिटून, दुहेरी काचा लावून शाळा शांत करितात. आमच्या हवेत वैशाखात खिडकी मिटणे म्हणजे मुलांस उकडून काढणे होय. उघड्या खिडकीने वर्ग चालवावयाचा असेल तर आवाज खिडकीपर्यंत पोहोचण्याच्या आधीच अडविला पाहिजे, एवढ्यासाठीच आमच्याकडे या भिंतीचे मोल इतर देशांपेक्षा अधिक आहे.

भिंतीने न होणारी कामेही सांगितली पाहिजेत. दुसऱ्या मजल्यावरील वर्गातून भिंतीपलीकडच्या मालमोटारीचे छत दिसते. आणि जेथे दृष्टी जाते तेथे ध्वनीही जातो. तेव्हा लहान मुलांचे, नुकती अक्षरे शिकणाऱ्यांचे वर्ग तळमजल्यावर ठेवावेत व प्रयोगशाळा, चित्रकलेचे दालन वर न्यावे. विमानाच्या आवाजास तर कोणतीच भिंत पुरत नाही. आणि कर्णा वाजविणारा अंगठा हा भिंतीने सुधारणारा नव्हे. मालमोटारींच्या पाठीवर कर्णा वाजविण्याचे जे आमंत्रण रंगविलेले असे, त्यास महाराष्ट्र सरकारने सन २०१५ मध्ये बंदी केली. ते अक्षर पुसले, सवय राहिली.

एक प्रश्न मात्र आम्हांस या साऱ्या हिशेबाहून जड वाटतो. गुळगुळीत भिंतीवर आदळलेला ध्वनी नाहीसा होत नाही. तो परत फिरतो. आमच्या शाळेसमोर रस्त्यापलीकडे एक चाळ आहे. तेथे रात्रपाळी करून आलेले कामकरी दिवसा झोपतात, बाळंतिणी असतात, आमचेच कित्येक विद्यार्थी तेथून येतात. आमची भिंत त्यांच्या दारी आमचा कोलाहल लोटणार असेल, तर शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करावी हे जे आम्ही प्रार्थनेच्या वेळी शिकवितो, ते कोणत्या तोंडाने शिकवावे? यावर उपाय आहे, थोडा खर्चाचा आहे. रस्त्याकडील अंगास छिद्रे पाडलेला पत्रा व त्यामागे दगडाच्या धाग्यांची लोकर असा थर दिला, म्हणजे भिंत ध्वनी परतवीत नाही, पिऊन टाकते. कोणी काटकसरीचा सल्ला देईल की हा थर वगळावा, आमचे काम साध्या भिंतीनेही होईल. आमचे होईल, हे खरे. परंतु ज्या शांततेची किंमत समोरच्या चाळीने भरली, ती शाळेत येऊ देण्यापेक्षा वर्ग जरा उशिरा शांत झालेला आम्ही पत्करू.

कायदा याबाबत मुका नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांप्रमाणे शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरांचा टापू शांतता क्षेत्र म्हणून ठरविता येतो. त्याची मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल. सन २०१७ च्या दुरुस्तीने मात्र असे ठरले की राज्य सरकारने जाहीर केल्यावाचून कोणताही टापू शांतता क्षेत्र होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर सन १९९९ मध्ये चालू वर्गातील गोंगाट ३५ डेसिबलांवर नसावा असे सुचविले. आम्ही याविषयी एका कचेरीत अर्ज केला. काही महिन्यांनी उत्तर म्हणून एक फलक आला: ‘शाळा आहे, कर्णा वाजवू नये.’ फलक सुबक आहे. त्यावरील ‘नये’ हा शब्द तरी निदान लिहिलेला आहे, तो कोणत्याही मोटारीने बुडत नाही. परंतु मालमोटारीचे इंजिन वाचावयास शिकलेले नाही.

हे काम आपल्या देशास जमत नाही असेही नव्हे. शिवडीच्या खाजणात रोहित पक्षी उतरतात. अटल सेतू बांधताना त्यांच्यासाठी पुलावर ध्वनिरोधक पडदे योजिले. तोच सेतू पुढे आमच्या शेजारच्या उरण तालुक्यात उतरतो. नागपूरहून शिवनीकडे जाणारा महामार्ग पेंचच्या व्याघ्रवनातून जातो. मध्य प्रदेशाच्या हद्दीत सन २०२१ मध्ये खुल्या झालेल्या भागात वाघांस रस्त्याखालून निर्वेधपणे जाता यावे म्हणून रस्ता उचलून धरला आणि त्याच्या कडांना ध्वनी व प्रकाश अडविणाऱ्या पोलादी भिंती लावल्या. आम्हांस याचा हेवा वाटत नाही; देवाने निर्मिलेल्या पाखराची व श्वापदाची कदर करणारा देश आम्हांस प्रिय आहे. यातून आम्ही एकच बोध घेतो. पक्षी व वाघ यांची गणना आराखडा कागदावर असतानाच झाली. ज्याची गणना आराखड्यात होते त्यास भिंत मिळते, ज्याची गणना नंतर होते त्यास फलक मिळतो. तेव्हा रस्ता आखणाऱ्यांच्या मेजावर पहिल्याच दिवशी शाळांची यादी असली पाहिजे: कोणती शाळा, कोणत्या बाजूस किती खिडक्या, तळमजल्यावर कितवीचे वर्ग.

आमच्या पवित्र शास्त्रात यरीहो नगराची कथा आहे. तेथे कर्ण्यांच्या व लोकांच्या घोषापुढे तट कोसळला. आम्ही हा धडा शिकवू लागलो की रस्त्याकडील वर्गातील मुले खिडकीकडे पाहून हसतात, कारण कर्णे त्यांच्या नित्याच्या परिचयाचे. पण त्याच शास्त्रात एलीया संदेष्ट्याचीही कथा आहे: डोंगरावर प्रचंड वारा सुटला, भूमी कापली, अग्नी पेटला, आणि यांपैकी कशातही परमेश्वर त्यास भेटला नाही, भेटला तो नंतरच्या अगदी मंद वाणीत. अशी मंद वाणी ऐकू येईल एवढी शांतता मुलास लाभणे, ही चैन नसून शिक्षणाची पहिली अट आहे. गणिताचे प्रमेय काय, कवितेतील भाव काय, की स्वतःच्या मनातील शंका काय, ही सारी हळू आवाजातच बोलतात.

या अंकाचे वाचक बहुतेक आमचे आजी-माजी विद्यार्थी व त्यांचे पालक. तुमच्यापैकी काही उद्या स्थापत्यशास्त्र शिकाल, काही महानगरपालिकेत बसाल, काही मालमोटारी चालवाल; आणि हे तिन्ही व्यवसाय आम्ही सारख्याच मानाचे समजतो. स्थापत्य करणाऱ्याने दोरीचा प्रयोग विसरू नये. सभागृहात बसणाऱ्याने नवा रस्ता मंजूर करण्यापूर्वी त्या वाटेवरील एका वर्गात अर्धा तास मागच्या बाकावर बसून पाहावे. आणि मोटार चालविणाऱ्याने आपल्या जुन्या शाळेवरून जाताना कर्ण्यावरील अंगठा क्षणभर उचलावा. त्या क्षणी आत कोणी शिक्षक एखाद्या वाक्याच्या शेवटाशी आलेला असेल. शाळेच्या वतीने आराखडा, मापे व समोरच्या चाळीतील रहिवाशांच्या सह्या यांसह नवा अर्ज तयार होत आहे. ज्या पालकांस त्यावर सही करावयाची असेल, त्यांनी शाळेच्या कचेरीत यावे. मागील अंगणाकडील खोलीत बसून बोलू, म्हणजे एकमेकांचे ऐकू येईल.